तुम्ही विचारलंत म्हणून : चळवळवाले जास्त डेंजर की धर्मवेडे?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, एसटीत, फॅमिली ग्रुपवर, सगळीकडे येतो, कारण मी सातारचा आणि तरुणपणापासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात थोडाफार असतो, म्हणजे शाळांमधे जाऊन जिभेवर कापूर जाळून दाखवणं, लिंबातून रक्त काढून दाखवणं, एवढंच, फार मोठा कार्यकर्ता वगैरे नाही. विचारणारा साधारण असं म्हणतो की ठीके, धर्मवेडे वाईट हे मान्य, पण तुमचे हे सामाजिक न्यायवाले तरी काय कमी आहेत, उठसूट मोर्चे, उठसूट जात काढणार, जरा काही बोललं की लगेच मनुवादी, समाज तर हेच फोडतात. मग खरं सांगा, जास्त धोका कोणाचा?

धर्मवेड्यांचा. उत्तर आधीच देऊन टाकतो, पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पण मला खरा इंटरेस्ट दुसऱ्या गोष्टीत आहे. विचारणारी माणसं काही वाईट नसतात, चांगली शिकलेली, नोकरीधंद्याची, पापभीरू असतात, मग त्यांना हे दोघं एका मापाचे का वाटतात? मला वाटतं कारण सरळ आहे. चळवळवाला थेट तुमच्या घरात शिरतो. गणपती नदीत सोडू नका, आम्हाला दान द्या म्हणून घाटावर उभा राहतो. तुमच्या मुलीच्या लग्नात कुंडली कशाला बघता म्हणतो, कामवालीचा कप वेगळा का ठेवलाय हे चारचौघात विचारतो. ह्याचा राग येतो, मलाही कोणी माझ्या घरातलं काढलं की येतो. धर्मवेडा तुमच्याकडे काहीच मागत नाही हो. तुम्ही जसे आहात तसे भारी आहात, वाईट ते पलीकडचे, एवढंच तो सांगतो, आणि वर्गणी मागतो. तो तुम्हाला त्रास देत नाही कारण तुम्ही त्याला नाही म्हणालेलाच नसता. ज्यांनी नाही म्हटलं त्यांचं काय झालं ते बघायला पाहिजे.

नरेंद्र दाभोलकरांचंच घ्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक, डॉक्टर, कबड्डीपटू, साधना साप्ताहिकाचे संपादक. जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून हा माणूस १८ वर्षं सरकारच्या मागे होता. सरकारं बदलली, मसुदा बदलला, परत बदलला, वारकऱ्यांना वाटलं आता वारीवर बंदी येणार, मग त्यांच्याशी बोलणी, मग अजून दुरुस्त्या, आणि शेवटी जो कायदा झाला त्यात प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन ह्याला हात लागणार नाही असं चक्क लिहून ठेवलंय. आमच्यातलेच काहीजण तेव्हा वैतागायचे की अजून किती पाणी घालणार. पण त्यांची पद्धतच ती, समोरच्याचं ऐकायचं, आपलं थोडं सोडायचं, पुढच्या अधिवेशनाला परत निवेदन घेऊन हजर.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. त्या पुलाला नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं आहे, अस्पृश्यता घालवण्यात आयुष्य घातलेला माणूस, जाऊदे. चार दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा. मग कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंवर गोळ्या, १६ फेब्रुवारी २०१५, कोल्हापूर, सकाळी फिरून घरी येताना, बरोबर बायको होती त्याही जखमी झाल्या, पानसरे २० तारखेला गेले. त्याच वर्षी धारवाडला कन्नड संशोधक कलबुर्गी, २०१७ ला बंगळूरूत पत्रकार गौरी लंकेश, त्यांनाही तसंच गोळ्या घालून मारलं. दाभोलकरांच्या केसचा निकाल लागला मे २०२४ मधे, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी. दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष, आणि सूत्रधार दुसरेच असून तपास यंत्रणा तिथपर्यंत पोचल्या नाहीत हे कोर्टानेच म्हटलं. आता मला सांगा, कुठल्या पुरोगाम्याने कुठल्या कीर्तनकाराला मॉर्निंग वॉकला गाठून असं केलंय?

हे फक्त हिंदूंबद्दल बोलतोय असं कोणी म्हणायच्या आत, हमीद दलवाईंनी १९६६ साली मुंबईत तोंडी तलाकच्या विरोधात सात मुसलमान बायकांचा मोर्चा काढला. सात! सत्तरला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि स्वतःच्याच समाजातल्या कट्टर लोकांचे शिव्याशाप खाल्ले. आणि जादूटोणा कायद्याखालच्या सुरुवातीच्या गुन्ह्यांमधला एक नांदेडचा, चमत्काराने कॅन्सर-एड्स बरा करतो म्हणणाऱ्यांवर, आरोपी मुसलमान. कायदा एकाच धर्माच्या मागे लागलाय म्हणणाऱ्यांना हे कधी आठवत नाही.

बरं, आमच्या बाजूचं पण बोलू. जानेवारी २००४ मधे पुण्यातली भांडारकर संस्था, म्हणजे जुन्या पोथ्या-हस्तलिखितं जपणारी संशोधन संस्था, फोडली, ती काही देवाधर्माच्या नावाने नाही फोडली, शिवाजी महाराजांचा अपमान आणि बहुजनांची अस्मिता हे कारण होतं. २०१७ ला पुण्यातल्याच संभाजी उद्यानातला नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठा नदीत टाकला तोही तसाच. त्यावेळी आमच्यातले कितीतरी लोक "पण त्यांचा राग समजून घ्या" असं बोलत होते. मला हे अजिबात पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, पोथ्या फाडणारा कुठल्या बाजूचा आहे ह्याने काय फरक पडतो. भावना दुखावल्या म्हणून फोडाफोडी सुरू झाली की चळवळीचाही धर्म होतो, आणि तिथे तुमचा प्रश्न बरोबर आहे.

पण ऑनलाइन चार पोरांनी तुम्हाला ब्लॉक केलं, किंवा जातीवादी म्हटलं, ह्याला बहिष्कार म्हणू नका प्लीज. बहिष्कार काय असतो ते जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या घरात जाऊन बघा, लग्नाला कोणी येत नाही, मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही, पोराला दुकानदार बिस्किटचा पुडा देत नाही. त्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१६ मधे केला, २०१७ पासून लागू आहे, आणि तो आणायला हेच उठसूट मोर्चेवाले झिजले.

राहिला अॅट्रॉसिटीचा, म्हणजे दलित-आदिवासींवरच्या अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा, गैरवापर, ते तर हमखास येतंच. ज्या केसवरून २०१८ च्या मार्चमधे सुप्रीम कोर्टाने तो कायदा सैल केला ती आमच्याच जिल्ह्यातली, कराडच्या फार्मसी कॉलेजातली. एक माणूस कायद्याने भरडला जातोय म्हणून कोर्टात गेला, कोर्टाने ऐकलं, २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात उत्तरेकडे माणसं मेली हे खरंय आणि वाईट आहे, मग ऑगस्टमधे संसदेने दुरुस्ती करून कायदा परत पूर्वीसारखा केला. तुम्हाला तो निर्णय चुकीचा वाटत असेल तर परत कोर्टात जा, मोर्चा काढा, मराठा मोर्च्यांनी कोपर्डीच्या मुलीवरच्या बलात्कार-खुनानंतर ह्याच कायद्यात बदल मागितलाच होता की, लाखोंनी, शांतपणे, आणि त्यासाठी कोणी कोणाला गोळ्या घातल्या नाहीत.