रोटोरुआच्या जंगलात सायकलवर: जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

न्यूझीलंड बघायला आलेला मराठी माणूस रोटोरुआला जातोच. जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे बघतो, उकळता चिखल बघतो, माओरी नृत्य बघून जेवतो आणि दुसऱ्या दिवशी टाउपोच्या रस्त्याला लागतो. गावाला अगदी खेटून असलेल्या जंगलात मात्र फार थोडे जण शिरतात. शिरलेच तर रेडवुडच्या झाडांखाली फोटो काढून परत फिरतात. त्याच जंगलात फक्त सायकलसाठी बांधलेल्या सुमारे 200 किलोमीटरच्या वाटा आहेत. तिकीट नाही, प्रवेश फी नाही. जगभरातून लोक सायकली विमानात घालून इथे येतात. आपल्यापैकी ऑकलंड, हॅमिल्टन, टौरंगाला राहणाऱ्यांना तर हे जंगल एक ते तीन तासांवर आहे. म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

आम्ही लेबर वीकेंडला, म्हणजे ऑक्टोबरातल्या तीन दिवसांच्या सुट्टीत, गेलो. मी, नवरा, सहावीतली लेक आणि पुण्याहून आलेले आमचे धाकटे भावजी. भावजी दर रविवारी सिंहगडाचा घाट सायकलने चढणारे, पायात दम भरपूर, पण मातीच्या अरुंद वाटेवर सायकल कधी चालवलेली नाही. लेकीचं नेमकं उलट: दम कमी, भीती त्याहून कमी. घरातली माणसं अशी वेगवेगळ्या तयारीची असतील तर सगळ्यांनी एकत्र जावं अशी याच्यासारखी दुसरी जागा मला माहीत नाही.

जंगलाचं नाव फाकारेवारेवा. सुमारे 5600 हेक्टरचा पसारा आहे. आत शिरायची ठिकाणं बरीच, पण सायकलवाल्यांसाठी तीन लक्षात ठेवा. लाँग माइल रोडवर रेडवुड्सचं माहिती केंद्र आहे. तिथे पर्यटकांची गर्दी असते आणि तो भाग मुख्यतः चालणाऱ्यांचा आहे. टारावेरा रोडवर ‘ते पुताके ओ तावा’ नावाचं नवं ठिकाण आहे. आणि गावाच्या दक्षिणेला, टाउपोकडे जाणाऱ्या हायवे 5 वरून आत वळलं की वाइपा. पहिल्यांदा जात असाल तर वाइपालाच जा. मोठं पार्किंग, स्वच्छतागृहं, भाड्याने सायकली, कॉफी, सायकल धुवायला पाण्याचे पाइप, सगळं एका जागी आहे. मुख्य म्हणजे लहान मुलांच्या आणि नवशिक्यांच्या वाटा तिथूनच सुरू होतात. लाँग वीकेंडला नऊच्या आत पोहोचा, नंतर गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथल्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पाटी असते. तिच्यावर वाटेचं नाव आणि 1 ते 6 मधला एक आकडा. 1 म्हणजे रुंद, सपाट, कुणालाही जमेल अशी. 6 म्हणजे ज्यांचं आयुष्यच यात गेलं आहे त्यांच्यासाठी. तो आकडा मनापासून माना. चढाच्या दमाशी त्याचा संबंध फारसा नसतो. वाट किती अरुंद, वळणं किती तीव्र, मुळं आणि उड्या किती, घसरलात तर बाजूला काय आहे, यावरून तो ठरतो.

भावजींनी नकाशा बघून विचारलं, “वहिनी, तीन म्हणजे मध्यमच ना? तिथूनच सुरू करू या की!”

“आधी दोनची एक करू,” मी म्हटलं. “मग तुम्हीच सांगा.”

टाही ही दोन नंबरची वाट. वाइपापासून निघते आणि झाडांमधून सावकाश वळत जाते. तिथे सराव करायच्या गोष्टी चारच, पण त्या अंगात मुरल्याशिवाय पुढे जाऊ नये. उतारावर सीट खाली घ्यायची आणि उभं राहायचं. पेडल मारत नसाल तेव्हा दोन्ही पेडलं जमिनीला समांतर ठेवायची, नाहीतर खालचं पेडल मुळाला अडकतं. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वाट जिथे जाते आहे तिथे ठेवायची. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड जाते. डांबरी रस्त्यावरून आलेली माणसं समोरच्या खड्ड्याकडे बघत राहतात आणि सायकल नेमकी तिकडेच जाते. आमची लेक दुसऱ्या फेरीतच मान वळवून पुढचं वळण शोधू लागली. भावजींना जेवणापर्यंत वेळ लागला, पण एकदा जमल्यावर त्यांना थांबवणं मुश्किल झालं.

दुपारी आम्ही तीन नंबरच्या वाटांवर गेलो आणि माझ्या मते रोटोरुआ खरं कळतं ते याच आकड्यावर. मॅड इफ यू डोन्ट या वाटेवर पेडल मारायची वेळ फार कमी येते. प्रत्येक वळणाला बाहेरच्या बाजूने मातीची भिंत उभी केलेली असते, फावड्याने थापून घट्ट केलेली. हजारो चाकांनी तिच्या मधोमध गडद, गुळगुळीत पट्टा पडलेला दिसतो. त्या पट्ट्यावर चाक ठेवलं आणि सायकल किंचित कलती केली की भिंत तुम्हाला अलगद पकडून दुसऱ्या बाजूला सोडते. तिथे लगेच पुढची भिंत. मधे छोटे उंचवटे, त्यांवर हातपाय सैल सोडले की वेग आपोआप टिकतो. वाट बांधणाऱ्यांनी पाणी कुठून वाहील, चाक कुठे लागेल, माणूस कुठे घाबरेल याचा किती विचार केला आहे हे अशा वेळी अंगाला कळतं. वाइपाच्या जवळपास डिपर, जेनेसिस, चॅलेंज अशाही वाटा आहेत. एक लांब वाट शोधत बसण्यापेक्षा अशा तीन-चार जोडून फेरी करा.

इथली माती हा स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे पावसाळ्यात टेकडीवर सायकल नेली की काळी माती चाकाला लिंपली जाते आणि पंधरा मिनिटांत चाक फिरेनासं होतं. रोटोरुआत आदल्या रात्री चांगला पाऊस पडला होता, तरी सकाळी वाटा चालवण्याजोग्या होत्या. ही ज्वालामुखीची जमीन, राखेची आणि पमिसची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र दगडाची. पाणी पटकन खाली मुरतं. जवळच्या टारावेरा पर्वताचा 10 जून 1886 चा उद्रेक तर इथे अजून सगळ्यांच्या बोलण्यात असतो. त्यात ‘ते वाइरोआ’ नावाचं गाव चिखला-राखेखाली गाडलं गेलं आणि वाचलेले तुहोरांगी या माओरी टोळीचे लोक फाकारेवारेवाला येऊन राहिले. पाऊस मुरला तरी मुळांचं मात्र वेगळं. ओल्या मुळावर ब्रेक दाबलात की चाक निसटलंच. मूळ दिसलं की ब्रेक सोडा, शक्य तितकं काटकोनात त्याच्यावरून जा.

जंगल दिसतं तसं मूळचं रान नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे परदेशी झाडं लावून बघायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियाचे रेडवुड 1901 मध्ये लागले. बाकी बरंचसं पाइन आणि डग्लस फर, लाकडासाठी लावलेलं. त्या उंच खोडांखाली मात्र इथलेच वृक्षनेचे माजले आहेत, छत्रीएवढ्या पानांचे. थांबून पाणी पीत असलात की पिवाकावाका, म्हणजे पंख्यासारखी शेपटी असणारा इवलासा पक्षी, हातभर अंतरावर येऊन नाचतो. चाकांनी उडालेले किडे टिपायला तो मागे मागे येतो. लेकीच्या हँडलच्या इतक्या जवळ आला की ती श्वास रोखून उभी राहिली.

जमीन स्थानिक माओरी समूहांची आहे. मध्य नॉर्थ आयलंडच्या जंगलांचा मोठा करार 2008 मध्ये झाला आणि 2009 मध्ये जमिनी मूळ धन्यांकडे परत गेल्या. वर लाकडाचा धंदा चालू आहे, त्यामुळे कुठे ना कुठे झाडं कापणं सुरू असतं आणि काही वाटा तेवढ्यापुरत्या बंद होतात. फीत बांधलेली दिसली, ‘बंद’ अशी पाटी दिसली की मागे वळा. तिथे ट्रक आणि पडणारी झाडं असतात, “जरा बघून येतो” चालत नाही. चालणाऱ्यांच्या आणि घोड्यांच्या वाटा वेगळ्या आखल्या आहेत, त्यांवर सायकल घालू नका. वाटांची निगा रोटोरुआ ट्रेल्स ट्रस्ट आणि फावडी घेऊन येणारे स्वयंसेवक राखतात. आपण फुकट चालवतो, तेव्हा जाण्याआधी ट्रस्टला थोडी देणगी जरूर द्या. मी तरी ते जेवणाच्या खर्चाइतकंच गृहीत धरते.

रविवारी मोठी फेरी केली. फाकारेवारेवा फॉरेस्ट लूप, सुमारे 33 किलोमीटर, तीन नंबर. जंगलाला वळसा घालून येते. अंतर ऐकून कमी वाटतं, पण चढ-उतार सतत आहेत, थांबत-थांबत चार ते सहा तास धरा. लेकीला भाड्याची बॅटरीवाली सायकल घेतली, तो निर्णय फार चांगला ठरला. वाटेत एका ठिकाणी झाडी उघडते आणि खाली रोटोकाकाही, हिरवं तळं दिसतं. ते पवित्र मानलं जातं, त्यात पोहणं, नाव घालणं वर्ज्य आहे, लांबूनच बघायचं. शेजारचं टिकिटापू, निळं तळं, मात्र सगळ्यांना खुलं आहे. आम्ही तिथे डबा उघडला: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू. मधल्या भागात दुकान नाही, तेव्हा माणशी दोन लिटर पाणी आणि पोटभर खाणं बरोबर हवंच. एक सुटी ट्यूब, पंप, चेन जोडायची लिंक आणि पातळ पावसाळी जॅकेटही. ऊन असलं तरी अर्ध्या तासात आभाळ भरून येतं.

ज्यांना चढायचं नाही, फक्त उतरायचं आहे, त्यांच्यासाठी ट्रेलरला सायकली लावून डोंगराच्या माथ्याकडे नेणारी शटल बस आहे. ती रोज धावते असं धरून जाऊ नका, आधी बघून आरक्षण करा. वरून निघणाऱ्या चांगल्या वाटा बहुतेक चार नंबरच्या आणि पुढच्या. स्प्लिट एन्झ ही त्यातली गाजलेली, तशाच हॉट एक्स बन्स आणि उड्यांची कॉरिडॉर. तीन आणि चारमधलं अंतर दोन आणि तीनमधल्यापेक्षा बरंच मोठं आहे, हे जपून लक्षात ठेवा. तीन नंबरची वाट ब्रेक न दाबता, मजेत उतरता येऊ लागली की मगच चार. नवरा आणि भावजी सोमवारी सकाळी स्प्लिट एन्झला गेले, गुडघ्या-कोपरांना पॅड बांधून. भावजी उतरून आले ते बोलेनातच, नुसते हसत होते. गावाच्या दुसऱ्या अंगाला न्गोंगोटाहा डोंगरावर स्कायलाइन कंपनीच्या गोंडोल्यातून, म्हणजे तारेवरच्या पाळण्यातून, सायकल वर नेता येते. 2015 पासून क्रँकवर्क्स हा डोंगरी सायकलींचा उत्सव रोटोरुआत भरतो, त्याच्या शर्यती तिथे होतात. ते पैसे भरून जायचं ठिकाण आहे आणि मुख्यतः उतारवाल्यांचं. घरच्यांबरोबर पहिल्यांदा येणाऱ्यांनी ते पुढच्या खेपेला ठेवावं.

सायकल भाड्याने घ्या. भारतातून आणायचीच असेल तर टायर, पेडल, बुटांचे तळवे मातीचा कणही न ठेवता धुवा आणि देशात शिरताना भरायच्या घोषणापत्रात (न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशन) तसं जाहीर करा. खाऊचंही तेच. जाहीर न केल्यास 400 डॉलरचा दंड जागच्या जागी होतो. भाड्याने घेताना दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली आणि बटणावर सीट खाली जाणारी मागा, थोडे जास्त पैसे पडले तरी. दुकानातून बाहेर पडण्याआधी ब्रेक दाबून बघा, सीटची उंची त्यांच्याकडूनच लावून घ्या. हेल्मेट बरोबर मिळतं. रस्त्यावर ते कायद्यानेच सक्तीचं आहे, जंगलात तर त्याशिवाय चाक हलवूच नये.

लागलंच काही तर 111 हा आणीबाणीचा नंबर. जंगलात फोनची रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून एकट्याने जाऊ नका आणि आपण कोणत्या वाटेवर आहोत, जवळचा जंगलरस्ता कुठला, हे प्रत्येक पाटीपाशी मनात नोंदवत चला. अपघाताच्या उपचारांसाठी इथली एसीसी ही सरकारी योजना पाहुण्यांनाही लागू होते, पण परतीचं बदललेलं विमान, आजारपण वगैरे त्यात येत नाही. आई-बाबांना किंवा भावंडांना बोलावत असाल तर प्रवासाचा विमा काढून ठेवाच.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर ते एप्रिल सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत उजेड रात्री साडेआठपर्यंत असतो, उन्हाचा चटका मात्र मुंबईपेक्षा जास्त बसतो, सनस्क्रीन विसरू नका. जून-जुलैत सकाळी दहिवर पडतं आणि पाचला अंधारतं, पण गर्दी नसते आणि माती बसलेली असते. थंडी सोसत असेल तर तेव्हाही छानच.

संध्याकाळी पायांचं काय करायचं हा प्रश्न गावानेच सोडवला आहे. कुइराऊ पार्कमध्ये गरम पाण्याची पाय सोडून बसायची कुंडं आहेत, फुकट. गंधकाचा वास पहिल्या तासाला नको वाटतो, नंतर लक्षातही राहत नाही. चांदीचे दागिने मात्र घरी ठेवून या, काळे पडतात. शाकाहारी जेवण गावात सहज मिळतं.

परतताना लाँग वीकेंडच्या सोमवारी दुपारी निघालात तर ऑकलंडच्या अलीकडे, बॉम्बे हिल्स नावाच्या टेकड्यांच्या आसपास गाड्यांची रांग ठरलेली. आम्ही दोन वाजता निघायचं ठरवलं होतं, ते बदलून वाटेतल्या टिराऊ गावात चहा घेत सावकाश गेलो आणि रात्री उशिरा, रस्ता मोकळा झाल्यावर घरी पोहोचलो. जमलं तर मंगळवारची सुट्टी टाका. त्या दिवशी सकाळी वाइपाचं पार्किंग अर्धं रिकामं असतं आणि टाहीवर मुलांना हव्या तितक्या फेऱ्या मारता येतात.