तुम्ही विचारलंत म्हणून: काढ्याने डोकं दुखायचं थांबलं का?

"तुमचं डोकं दुखायचं थांबलं म्हणे! काढा कुठला तो?" आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत हा प्रश्न मला बहुतेक वेळा लिफ्टमध्ये विचारला जातो, आणि उत्तर तीन मजल्यांत मावत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

थांबलं नाही, कमी झालं. पूर्वी महिन्यातले नऊ-दहा दिवस अर्धशिशीत जायचे. सकाळच्या ऐरोलीच्या गाडीत खिडकीतून उन्हाची तिरीप आली की डोळ्यांपुढे एक चमचमती नागमोडी रेघ सुरू व्हायची. ऑफिसात पोचेपर्यंत उजवी बाजू ठणकायला लागायची, आणि दुपारी मी पडदे ओढून, ओकारी दाबत घरी पडलेली. आता असे तीन-चार दिवस जातात.

उपाय सगळे झाले. आमच्या आत्यांनी आदल्या रात्री जिलबी आणून ठेवली आणि सूर्य उगवायच्या आत दुधातून खायला लावली. आयुर्वेदात ऊन चढेल तसं चढणाऱ्या डोकेदुखीला सूर्यावर्त म्हणतात आणि अर्ध्या डोक्याच्या दुखण्याला अर्धावभेदक. जिलबीचा मुहूर्त त्या सूर्यावर्तावरूनच आला असावा. चार दिवस जिलबी खाल्ली. डोकं होतं तसंच, पण आत्यांचं मन राहिलं.

मग वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी पथ्यादि काढा दिला. पथ्या म्हणजे हिरडा. शिवाय बेहडा, आवळा, काडेचिराईत, हळद, कडुनिंबाची साल आणि गुळवेल. मोठा चमचाभर भरड दोन कप पाण्यात टाकून मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत आटवायची. पहिल्या उकळीला हिरड्याचा तुरट वास सुटतो, मग चिराईत सगळं घर ताब्यात घेतं. मुलगा म्हणायचा, "आई, आज चहात काय पडलंय?" गूळ घालूनही ती चव जिभेच्या मुळाशी तासभर बसते. मी नाक दाबून तीन महिने प्यायले.

पण काढ्याआधी वैद्यबाईंनी विचारलं होतं, "गोळ्या किती खाता?" मी म्हटलं, दुखलं की एखादी. "मोजा." पर्समधल्या आणि ऑफिसच्या खणातल्या रिकाम्या पट्ट्या काढून मोजल्या, तर महिन्यातून सोळा-सतरा दिवस वेदनाशामक जात होतं. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले, त्यांनीही गोळ्यांवरच बोट ठेवलं. साध्या गोळ्या महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं, की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. त्या सोडल्यावर पहिले दोन आठवडे माझे हाल कुत्रा खाईना असे झाले. मग हळूहळू उतार पडला.

आता तुम्हीच सांगा, श्रेय कोणाला द्यायचं? काढा सुरू आणि गोळ्या बंद, दोन्ही एकाच महिन्यात. शिवाय त्याच वेळी मी न्याहारी चुकवणं सोडलं. मला तरी हा गुंता सोडवता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सोडवून दाखवतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

असाच गुंता विलायतेतही झालेला आहे. तिकडे फीव्हरफ्यू नावाचं झुडूप असतं, बारक्या पांढऱ्या शेवंतीसारखी फुलं येणारं. त्याची पानं चघळून अर्धशिशी टळते असं लोक म्हणायचे. 1985 साली लंडनमध्ये 17 जणांवर चाचणी झाली. काहींना पानांची भुकटी दिली, काहींना नुसतीच पोकळ कॅप्सूल. पोकळवाल्यांची डोकी जास्त दुखली. पण हे सगळे आधीपासूनच रोज पानं खाणारे होते! म्हणजे पानांचा गुण दिसला की सवय तुटल्याचा त्रास? पुढे आणखी चाचण्या झाल्या, थोडा उपयोग दिसला, फार नाही. शिवाय ताजी पानं चघळून तोंड येतं ते वेगळंच.

बटरबरची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये अर्धशिशी टाळण्यासाठी त्या झाडाच्या अर्काला सर्वांत वरची पसंती दिली होती. यकृताला इजा होण्याची भीती पुढे आली आणि 2015 मध्ये ती शिफारस मागे घेतली.

"झाडपाल्याचं औषध, त्याने काय होतंय?" हे वाक्य मी रोज ऐकते. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मानली नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. वाद कोणीही जिंको, दुकानातल्या पुडीत नेमकी कुठली वेल कुटलीय हे मला बघून कळत नाही. माझ्या काढ्यात गुळवेल होतीच. म्हणून तीन महिन्यांनी यकृताची तपासणी करून घेतली, ती नीट आली, आणि काढा थांबवला. डोकं त्यानंतरही तीन-चार दिवसांवरच आहे.

काढ्याचं नाव वर दिलंच आहे, पण पुडी घरात आणण्याआधी वैद्यांना आपली चालू औषधं दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर नक्कीच. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेला पाचवा महिना लागलाय. तिने मागितला तेव्हा मी सरळ नाही म्हटलं आणि तिच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिच्या सासूबाई तेव्हापासून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.