गणपतीचं कॅम्पेन सांभाळून साताऱ्याचा घाट पळाले, त्याची गोष्ट

मी पुण्यात सोशल मीडिया मार्केटिंग करते. एक मिठाईवाले, एक पैठणीचं दुकान, एक डेंटिस्ट असे छोटे क्लायंट आहेत. मनात बरेच दिवस होतं की सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायची. २१ किमी, जाताना यवतेश्वर घाटातून कासच्या दिशेने चढतच राहायचं आणि मग त्याच रस्त्याने खाली. अडचण एकच, ती रेस गणपतीच्या मागेपुढे असते आणि आमच्या कामात तोच सीझन.

बाहेरच्यांना वाटतं काय, रोज एक पोस्ट टाकायची. पण पोस्टपेक्षा जास्त वेळ जातो आकडे बघण्यात. सकाळी डोळे उघडले की इनसाइट्स, म्हणजे पोस्टचे आकडे, रीच (किती जणांपर्यंत पोचलं) किती, सेव्ह किती, कालचं रील का नाही चाललं, आणि तोपर्यंत क्लायंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ताई कालचा रिझल्ट काय?' येऊन पडलेलं असतं. पळायला जी सकाळ हवी ती अशी जायची.

मग मी सगळ्यांना सरळ सांगितलं की नऊच्या आधी रिप्लाय येणार नाही. कुणीच काही बोललं नाही, खरं सांगते. आठवड्याचे पोस्ट एका बैठकीत शेड्युल करायला लागले, आणि फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती जिथून चालवतो त्या ॲड्स मॅनेजरमध्ये रूल लावून टाकले, म्हणजे एका ऑर्डरमागचा खर्च ठरलेल्या आकड्यावर गेला की ॲड आपोआप बंद. हे रूल फुकट असतात तरी बरेच जण वापरत नाहीत, प्लीज वापरा, रात्री तीनदा उठून फोन बघायची गरज उरत नाही.

मिठाईवाल्या काकांची मात्र वेगळीच घाई. मोदकाची ॲड सुरू केली की दुसऱ्या दिवशी बजेट वाढव, तिसऱ्या दिवशी फोटो बदल. त्यांना शांतपणे बसून समजावलं की काका, नवीन ॲडला साधारण आठवड्यात ५० रिझल्ट, म्हणजे ऑर्डर वगैरे, मिळाले की सिस्टीमला कळतं कुणाला दाखवायची, मध्येच मोठा बदल केला की ते शिकणं परत पहिल्यापासून. सात दिवस हात लावायचा नाही. काका ऐकले, आणि ऑर्डरी आल्या!

हेच मी पळण्याला लावलं. वेताळ टेकडीवर रोजचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागलेला वेळ, बघून मनाला लावून घेणं बंद, फक्त रविवारी आठवड्याचे एकूण किलोमीटर आणि चढ लिहायचा. शनिवारी सिंहगडचा घाट, तोही सावकाश, दम लागला की चालायचं, कारण साताऱ्याला चढ संपता संपत नाही असं तिथे पळलेल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. आणि यातलं काहीही इन्स्टावर टाकलं नाही. दिवसभर लोकांच्या लाइक मोजते, निदान ही एक गोष्ट लाइकशिवाय असावी असं मला मनापासून वाटत होतं.

रेसच्या आधीच्या आठवड्यात उकडीच्या मोदकांचं रील शूट होतं. वाफ कॅमेऱ्यात दिसतच नव्हती, समोरून लाइट मारला की गायब. मग मागे काळा कपडा लावला, लाइट मोदकांच्या मागून तिरका घेतला आणि झाकण उघडल्या उघडल्या शॉट घेतला तेव्हा कुठे ती पांढरी वाफ वर जाताना दिसली. ते रील त्या सीझनला सगळ्यात जास्त शेअर झालं.

साताऱ्यात पहाटे पाऊस भुरभुरत होता. घाटात धुकं, मध्ये मध्ये ढोल वाजवणारी पोरं, कडेला उभे राहून 'चला ताई, थोडंच राहिलं' म्हणणारे आजोबा (थोडं नव्हतं, पण बरं वाटलं). चढावर लहान पावलं टाकत गेले, वळले तेव्हा पाय शाबूत होते, आणि उतारावर मात्र गुडघे जपायला मुद्दाम वेग धरून ठेवावा लागला. घाट चढायची प्रॅक्टिस सगळे सांगतात, उतरायची कुणी सांगत नाही, तीही करा. कटऑफच्या, म्हणजे रेस संपवायच्या ठरलेल्या वेळेच्या, बऱ्याच आधी पोचले. फोन बॅगेत होता, काढला तर सगळे पोस्ट वेळेवर गेलेले, एक ॲड रूलने बंद केलेली, ती सोमवारी बघितली.

काकांसाठी कंदी पेढे आणले, त्यांनी आधी वास घेतला, मग चव, मग खव्याबद्दल अर्धा तास बोलले. आता जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन डोक्यात आहे, ती येते संक्रांतीनंतर लगेच, त्यामुळे तिळगुळाच्या जाहिरातींचे फोटो-व्हिडिओ यंदा डिसेंबरातच उरकणार.