इन्स्क्रिप्टवर मराठी टायपिंगचा वेग वाढवताना : माझा अनुभव

इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर मराठी टायपिंगचा वेग अडतो तो बहुतेक वेळा खोडण्यात. ‘स्त्री’ हा शब्द घ्या. स, हलन्त (अक्षराचा पाय मोडून जोडाक्षर करणारी खूण), त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी अशा सहा कळा. मधल्या ‘त’च्या जागी दुसरं काही पडलं आणि शब्द संपल्यावर ते दिसलं, तर बॅकस्पेस चार वेळा दाबायची आणि चार कळा पुन्हा मारायच्या. सहाच्या चौदा झाल्या. म्हणून मी वेगाकडे शेवटी बघायचं आणि अचूकतेकडे आधी, हा क्रम धरला, आणि दुसऱ्यांनाही तोच सांगतो.

लिपिक-टंकलेखकासाठी मराठीची अट मिनिटाला ३० शब्दांची असते. एका शब्दाला सरासरी पाच कळा धरल्या तर मिनिटाला १५० कळा, म्हणजे सेकंदाला अडीच. हा काही अचाट वेग नाही. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारं ॲप) लावून मिनिटाला ६० ठोके ठेवायचे आणि एका ठोक्याला एकच कळ मारायची. हे झाले १२ शब्द. शंभर कळांत दोनपेक्षा जास्त चुका होत असतील तर ठोके वाढवायचे नाहीत. चुका आटोक्यात आल्या की ७०, मग ८०. सोप्या अक्षरांवर धावायचं आणि जोडाक्षराशी थबकायचं ही सवय एकदा लागली की सुटत नाही, म्हणून ठोका सोडायचा नाही.

सुरुवातीची तयारी थोडक्यात. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की ‘मराठी’ आणि ‘मराठी फोनेटिक’ असे दोन कीबोर्ड मिळतात. इन्स्क्रिप्ट म्हणजे त्यातला पहिला. कळांवर देवनागरी स्टिकर लावू नका, नजर खाली जाते. कळांचा तक्ता स्क्रीनच्या शेजारी डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. एफ आणि जेच्या कळांवर उंचवटे असतात. तिथे ऱ्हस्व वेलांटी आणि र आहेत, दोन्ही तर्जन्या तिथेच टेकवायच्या.

इन्स्क्रिप्टची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि हलन्त डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. त्यामुळे हात आलटूनपालटून चालतात. ‘महाराष्ट्र’ टाइप करून बघा: दहा कळा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत डावा-उजवा, डावा-उजवा. शिफ्ट फक्त ‘ष’ला, तीही डावी.

अडचण होते ती शिफ्टशिवाय डाव्या हाताकडे आलेल्या तीन व्यंजनांची, म्हणजे म, न आणि व यांची. ‘म’ मधल्या बोटाकडे, आणि काना व हलन्तही त्याच बोटाकडे. त्यामुळे ‘माझा’, ‘माणूस’, ‘समाज’ यांतल्या ‘मा’ला एकच बोट खालच्या ओळीवरून थेट वरच्या ओळीत उडी मारतं. ‘जन्म’, ‘आत्मा’, ‘धर्म’ यांत हलन्तावरून ‘म’वर तेच बोट घसरतं. न आणि व तर्जनीकडे, दोन्ही वेलांट्या आणि उकारही तर्जनीकडे. ‘नवीन’ या शब्दाच्या चारही कळा डाव्या तर्जनीच्या आहेत! इथे घाई केली की ‘नवी’चं ‘ननी’ होतं. क्लासमध्ये ‘व’ डाव्या तर्जनीनेच शिकवतात. माझं मत वेगळं आहे. ती कळ मधोमध असते, ती उजव्या तर्जनीने घेतली तर ‘वि’ आणि ‘वी’ला हात बदलतो आणि बोटाला उसंत मिळते. मात्र एकदा ठरवलं की बदलायचं नाही.

‘आणि’ हा शब्द वेगळा घोटवावा लागतो. आ आणि ण दोन्ही शिफ्टसह, दोन्ही डाव्या हाताचे, म्हणून शिफ्ट उजव्या करंगळीने धरायची. दोन्ही अक्षरं होईपर्यंत ती सोडायची नाही आणि वेलांटीआधी सोडायचीच. लवकर सुटली तर ‘आमि’, उशिरा सुटली तर ‘आणइ’. चूक कुठली होते त्यावरून करंगळीचं काय बिघडलंय ते लगेच कळतं.

टाइपरायटरवरून किंवा रेमिंग्टनवरून (टाइपरायटरच्या धर्तीच्या कीबोर्डवरून) आलेल्यांना क्रम बदलायला जड जातं. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार नंतर मारतात. इथे उच्चाराप्रमाणे चालायचं. ‘कि’ला आधी क, मग वेलांटी, ‘धर्म’ला ध, र, हलन्त, म. तसंच ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांसाठी र शिफ्टसह घ्यायचा, मग हलन्त, मग य. शिफ्ट राहिली की ‘दुसर्या’ उमटतं, आणि घाईत वाचताना ते सहज नजरेतून निसटतं.

सरावाला रोज अर्धा तास पुरतो, पण तो सलग नको. पहिली दहा मिनिटं बॅकस्पेसला हात न लावता उतारा टाइप करायचा. मग मूळ उताऱ्याशी ताडून बघायचं आणि चुकलेलं अक्षर त्याच्या आधीच्या अक्षरासकट वहीत लिहायचं, कारण चूक बहुधा दोन कळांच्या मधल्या वाटेत होते. नुसतं ‘म चुकला’ असं लिहून उपयोग नाही, ‘हलन्तानंतर म’ असं लिहा. पुढची दहा मिनिटं त्या जोड्या असलेले शब्द संथपणे, ठोक्यावर. उरलेल्या वेळात नवा उतारा. रोज तोच उतारा घेतला तर तो पाठ होतो आणि वेगाचा आकडा फसवा येतो. वर्तमानपत्राचा अग्रलेख चांगला, त्यात जोडाक्षरं, विशेषनामं आणि आकडे सगळं येतं. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नका. टेकलं की करंगळी शिफ्टपर्यंत नीट पोचत नाही.