रास्पबेरी पायचा पंखा, नागपूरच्या हिशोबानं

हॉलमधल्या कपाटावर माझा रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, चोवीस तास चालू असतो. घरातल्या सगळ्यांच्या फोनवरच्या जाहिराती अडवायच्या आणि रात्री फोटो हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचे, एवढंच त्याचं काम. जानेवारीत त्याला पंखा नसला तरी चालतं. मे महिन्याची गोष्ट वेगळी. बाहेर दिवसा ४५ अंश आणि कपाटाच्या माथ्यावर रात्रीही ३८. फोटो उतरायला लागले की चिप ८० अंश गाठते आणि तिथून पाय आपणहून वेग कमी करतो.

पंखा सरळ ५ व्होल्टच्या पिनेला जोडला की चिप थंड राहते. फक्त तो पंखा मग कधी थांबत नाही. तीस मिलिमीटरचा टीचभर पंखा, पण आवाज असा की आई पलीकडच्या खोलीतून ओरडते, "कायची घरघर लावली बाप्पा रात्रभर!"

म्हणून तो गरजेपुरताच फिरायला हवा. पायच्या जीपीआयओ पिनेतून, म्हणजे प्रोग्रामनं चालू-बंद करता येणाऱ्या पिनेतून, जेमतेम १६ मिलिअँपिअर घेता येतात आणि पंख्याला शंभरच्या वर लागतात. त्यामुळे मध्ये स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर हवाच. मी सीताबर्डीतून २एन२२२२ आणला. बीसी५४७ सगळीकडे मिळतो, पण त्याची मर्यादाच १०० मिलिअँपिअर, त्याच्या जिवावर उठू नका. पंख्याची लाल वायर ५ व्होल्टला, काळी ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर पायाला, एमिटर पाय ग्राउंडला, आणि बेस पायाला १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जीपीआयओ १८. पंख्याच्या दोन वायरींवर एक १एन४००७ डायोड उलटा, म्हणजे त्याचा पट्टा ५ व्होल्टच्या बाजूला. पिनेसाठी रास्पी-कॉन्फिग हा पायचा सेटिंगचा प्रोग्राम आपणहून १४ सुचवतं, पण ती सीरियल पोर्टची पिन आहे. मला ती मोकळी हवी होती.

आता प्रोग्रामचं. दर पाच सेकंदांनी तापमान वाचणारी पायथनची स्क्रिप्ट बरेच जण लिहितात. मला ती पटत नाही. स्क्रिप्ट मध्येच बंद पडली आणि पंखा थांबलेला असला, तर कळणार कोणाला? हेच काम कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, करतो. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-फॅन नावाच्या ओव्हरलेची, म्हणजे तयार जोड-सेटिंगची, एक ओळ टाकायची, तिच्यात पिनेचा नंबर आणि पंखा सुरू व्हायचं तापमान. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहायचं, म्हणजे ६० अंशांना ६००००. रीबूट केलं की झालं.

खरी गंमत त्या आकड्यात आहे. पंखा ६० ला सुरू झाला तर बंद ५० ला होतो. हे दहा अंशांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर ५९ आणि ६० च्या मध्ये तो सारखा चालू-बंद होत बसेल. एसीतल्या खोलीत ६० ठीकच आहे. आमच्याकडे हवाच ३८ अंशांची, आणि पंखा त्याहून गार हवा आणणार कुठून? पंखा फिरत असताना माझी चिप ५३ च्या खाली उतरतच नाही. म्हणजे ५० कधी येणार नाही आणि पंखा कधी थांबणार नाही, आईची घरघर कायम. मी ७० ठेवलंय. फोटो उतरताना पंखा सुरू होतो, काम संपल्यावर चिप ६० पर्यंत आली की गप्प. ८० च्या आधी दहा अंश हातात राहतात, तेवढे पुरतात.

पाय ५ ला पंख्याचं वेगळं सॉकेटच आहे आणि तापमानाप्रमाणे पंख्याचा वेगही तो स्वतः बदलतो, तिथे ट्रान्झिस्टरची भानगड नाही. सुरुवातीचा टप्पा मात्र ५० अंशांचा आहे, तेव्हा विदर्भात असाल तर तोही वर सरकवा. आणि गार हवा मिळते म्हणून पाय कूलरसमोर ठेवू नका. खसाच्या टट्ट्यांतून येणाऱ्या हवेत पाण्याचे तुषार असतात.