आमची वाटचाल : मिलिग्रॅमचा धंदा

लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत रसायन टँकरने येतं नि टँकरनेच जातं. आमचा माल मात्र खिशात मावतो. शेड बघायला आलेल्या काकांनी कुपी उजेडात धरली. "एवढा पसारा मांडलास, नि माल हा चिमूटभर?" किंमत सांगितली, तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी परत ठेवली.

आम्ही औषध बनवत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. अँटिबायोटिक्सना न जुमानणाऱ्या जंतूंवर प्रयोगशाळांत जी पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, तपासतात, ती मागणीप्रमाणे जोडून देतो. सुरुवातीला नुसती अमिनो आम्लं विकायचो. मग ग्राहकच म्हणू लागले, मणी देताय तर माळही ओवून द्या.

पद्धत अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ मेरीफिल्ड यांची, 1963 सालची. रेझिनच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, दाण्यांवर एक अमिनो आम्ल चढवायचं, धुवायचं, दुसरं चढवायचं. मधूनच चार दाणे काढून निनहायड्रिन या रंग दाखवणाऱ्या रसायनात तापवतो. निळे झाले तर जोडणी अर्धवट, पिवळसर राहिले तर पुढे चला. आता मशीन आहे, पण अवघड जोडणीला आमची केमिस्ट अजून दाणेच बघते.

खरा त्रास हवेचा. पावसाळ्यात सुकवलेली पेप्टाइडची पूड झाकण उघडताच चिकट होते, म्हणून वजनाची खोली दिवसरात्र डीह्युमिडिफायरवर. तयार पेप्टाइड द्रावणातून खाली बसवायला ईथर लागतं; मे महिन्यात ते 35 अंशांच्या आतच उकळतं, मग ते काम पहाटे. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा आम्ही उंचावर म्हणून वाचलो, पण वीज गेली नि जनरेटरचं डिझेल मापाने वापरावं लागलं.

जंतूचं आवरण ऋणभारित, पेप्टाइड धनभारित. ते चिकटतं आणि आवरण फाडतं. कागदावर झकास! बेडकाच्या कातडीतलं मॅगेनिन हे असं पेप्टाइड 1987 मध्ये जाहीर झालं, पण त्यावरून बेतलेल्या पेक्सिगॅनन या औषधाला 1999 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली नाही. मुरेपाव्हाडिन या दुसऱ्या पेप्टाइड औषधाच्या शिरेतून द्यायच्या चाचण्या 2019 मध्ये थांबल्या, कारण मूत्रपिंडाला इजा. शिवाय शरीरातली विकरं (एन्झाइम्स) पेप्टाइड कुरतडतात. आरशातल्या प्रतिमेसारखी, डी-रूपातली अमिनो आम्लं घातली तर ते टिकतं, पण बिल फुगतं. झोसुराबाल्पिन या नव्या पेप्टाइड अँटिबायोटिककडे सध्या सगळ्यांचं लक्ष आहे, आमचंही.

म्हणजे आम्ही जोडलेले बहुतेक रेणू पुढे बाद होणार, हे धरूनच चालायचं. पण ते स्वतःच्या गुणाने बाद व्हावेत. पेप्टाइड दाण्यांवरून सोडवायला वापरलेल्या ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्लाचा अंश राहिला, तर पेशी पेप्टाइडने मेल्या की आम्लाने, कळणार कसं? म्हणून ते आम्ल काढून आम्ही अॅसिटेट क्षार करूनच देतो, त्यात वेळ जातो, आणि घाई असलेले ग्राहक दुसरीकडे जातात. जावोत.

कॉलेजच्या संशोधकाची पाच मिलिग्रॅमची ऑर्डरही घेतो. निम्मे पैसे मात्र आगाऊ. उधारीचा धडा आम्हाला विद्यार्थ्यांनी नाही, मोठ्या गिऱ्हाइकांनी शिकवलाय.