आमची वाटचाल : दुपारच्या हवेतला बिट एरर रेट

रस्ता खोदायला परवानगी मिळत नाही, मधून रेल्वे नाहीतर नाला जातो, आणि दोन इमारतींत १ गिगाबिटची जोडणी तर हवीच. आमचा धंदा या अडचणीवर उभा राहिला. गच्चीवर लेझर हेड (हवेतून प्रकाशाने डेटा पाठवणारे-घेणारे यंत्र) बसवायचे, समोरच्या हेडशी जुळवायचे, चाचणी करून सोपवायचे. आज निम्म्याहून जास्त काम मोजमापाचे आहे. मुसळधार पावसात लिंक पडली तर ग्राहकाला कारण समोर दिसते. एप्रिलच्या निरभ्र दुपारी पॅकेट गळू लागली की तो यंत्राला दोष देतो.

भोसरी-चाकणकडे दोन गच्च्यांच्या मध्ये हमखास पत्र्याच्या शेड असतात. तापलेल्या पत्र्यावरून वर चढणाऱ्या हवेत लहानमोठे उष्ण-थंड भोवरे असतात, त्यांचा अपवर्तनांक क्षणाक्षणाला बदलतो आणि रिसिव्हरवरचा प्रकाश लुकलुकतो. हे किती होईल ते रायटोव्ह व्हेरियन्सवरून, म्हणजे लुकलुकीची तीव्रता सांगणाऱ्या आकड्यावरून, काढता येते. तरंगलांबी १५५० नॅनोमीटर, अंतर १ किलोमीटर आणि सीएन-स्क्वेअर (अपवर्तनांकाच्या चढउताराचे माप) १० चा उणे १४ वा घात धरला तर उत्तर येते सुमारे ०.२. भर दुपारी, जमिनीलगत सीएन-स्क्वेअर दहापट होऊ शकतो. मग उत्तर २ च्या घरात जाते आणि सौम्य लुकलुकीचे लॉगनॉर्मल गणित सोडून तीव्र लुकलुकीचे गॅमा-गॅमा घ्यावे लागते. अंतर दुप्पट केले की हा आकडा साडेतीनपट होतो. त्याच अंतरावर ८५० नॅनोमीटर वापरले तर दुप्पट. म्हणून लांब लिंकसाठी ८५० चे स्वस्त हेड आम्ही सुचवत नाही.

कॅटलॉगमध्ये बीईआर (बिट एरर रेट, म्हणजे पाठवलेल्या बिटांत चुकलेल्यांचे प्रमाण) अब्जात एक असा लिहिलेला असतो. तो खोटा नसतो, पण स्थिर हवेतला असतो. टर्ब्युलन्समध्ये, म्हणजे हवेच्या या खळबळीत, चुका सुट्या येत नाहीत, झुंडीने येतात. सिग्नल एकदा बुडाला की मिलिसेकंद ते दहा-वीस मिलिसेकंद खाली राहतो. १ गिगाबिटला एका मिलिसेकंदात १० लाख बिट जातात. स्थिर लिंकवर ३ अब्ज बिट बिनचूक गेले, म्हणजे तीन सेकंदांत, तर अब्जात एक हा दर ९५ टक्के खात्रीने सांगता येतो. दुपारच्या लिंकवर त्या तीन सेकंदांना काडीची किंमत नाही. त्यामुळे आमच्या अहवालात सरासरी बीईआरच्या शेजारी त्रुटीयुक्त सेकंद, बुडीची खोली आणि बुडीची लांबी असते.

मोजायचे कधी, हेही तितकेच महत्त्वाचे. सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताआधी, जमीन आणि हवा यांचे तापमान जवळजवळ सारखे होते तेव्हा टर्ब्युलन्स सर्वांत कमी असतो. सकाळी आठला घेतलेली स्वीकृती-चाचणी म्हणूनच फसवी. आम्ही पूर्ण दिवस-रात्र चाचणी चालवतो आणि रिसिव्हरच्या डिटेक्टरचा प्रवाह सेकंदाला किमान हजार वेळा नोंदवतो. हेडच्या स्क्रीनवर सेकंदाची सरासरी दिसत असेल तर तिच्यात सगळ्या बुड्या विरघळून जातात.

उपायांत पहिला उंचीचा, आणि तोच सर्वांत स्वस्त. दिवसा सीएन-स्क्वेअर उंचीबरोबर झपाट्याने घटतो. पत्र्यापासून झोत २ मीटरऐवजी ४ मीटरवर नेला तर सीएन-स्क्वेअर सुमारे अडीचपट कमी होतो. पण खांब उंच केला की वाऱ्यात डुलतो. २ मिलिरेडियनचा झोत किलोमीटरवर २ मीटर पसरतो, म्हणजे खांबाला अर्ध्या मिलिरेडियनपेक्षा जास्त हलू देता येत नाही. जाड पाइप आणि ताणून बांधलेल्या तीन तारा लागतात. झोताच्या वाटेत एसीचे आउटडोअर युनिट किंवा जनरेटरचा धुराडा आला तर उंचीचा सगळा फायदा बुडतो.

दुसरा उपाय भिंगाचा. १ किलोमीटरवर लुकलुकीच्या ठिपक्यांचा आकार साधारण ४ सेंटीमीटर असतो. रिसिव्हरचे भिंग त्याहून बरेच मोठे, १० ते २० सेंटीमीटरचे घेतले की उजळ-अंधारे ठिपके आपसात सरासरी होतात. एकाऐवजी चार लेझर पुरेशा अंतरावर लावले आणि त्यांच्या वाटा खरोखर स्वतंत्र राहिल्या तर व्हेरियन्स एक चतुर्थांश होतो. चारही एकमेकांना चिकटवून बसवले तर पैसे फुकट.

ऑन-ऑफ कीइंगमध्ये (प्रकाश म्हणजे १, अंधार म्हणजे ०) निर्णयाची, म्हणजे १ की ० ते ठरवणारी, पातळी ठरावीक ठेवली असेल तर लेझरची शक्ती वाढवूनही बीईआर एका मर्यादेखाली उतरत नाही. पातळी सिग्नलबरोबर हलायला हवी. एफईसीबद्दलही (जादा बाइट जोडून चुका रिसिव्हरवरच दुरुस्त करणारे कोडिंग) विक्रेते मोघम बोलतात. त्यातल्या रीड-सोलोमन २५५-२३९ (२३९ बाइट डेटाचे २५५ बाइट करणारा) कोडचा एक ब्लॉक १ गिगाबिटला २ मायक्रोसेकंदांचा, आणि त्यात ८ बाइट दुरुस्त होतात. मिलिसेकंदाच्या बुडीत असे पाचशेच्या आसपास ब्लॉक सलग जातात. इंटरलीव्हर (बाइटांचा क्रम विस्कटून पाठवणारी व्यवस्था) लावून ती बुडी अनेक ब्लॉकांत पसरवायची तर सुमारे ३२ मिलिसेकंदांचा पसारा लागतो. तेवढा उशीर फाइल बॅकअपला चालतो, मशीन कंट्रोलला नाही.

लेझरच्या सोबतीला पर्यायी वाट म्हणून ५ गिगाहर्ट्झ रेडिओ असतो, तो दाट धुके आणि जोरदार पावसासाठी. स्विचओव्हर (लेझरवरून रेडिओवर जाणे) बुडीच्या पहिल्या मिलिसेकंदाला होऊ दिला तर दुपारभर लिंक इकडून तिकडे उड्या मारते आणि त्या उड्यांतच जास्त पॅकेट जातात. सिग्नल दोन सेकंद सलग पातळीखाली राहिला तरच रेडिओवर जायचे आणि मिनिटभर स्थिर झाल्याशिवाय परतायचे नाही, अशी सेटिंग आम्ही ठेवतो.